नाशिकला बाहेर खायचं तर आधी घड्याळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बदली होऊन इंदिरानगरला राहायला आलेलं कुटुंब: नवरा, बायको, सहा वर्षांची मुलगी, शिवाय महिन्यातून एक-दोनदा गावाहून येणारे आईवडील. तीन महिन्यांत रेटिंग बघून आठ-दहा ठिकाणी जाऊन आले, त्यातली निम्मी फसली. सगळ्यात गोंधळ मिसळीचा. 'एका रविवारी घाम फुटला, इतकी भारी लागली. पुढच्या रविवारी त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर नुसतं तिखट गरम पाणी. मग निवडायचं तरी कसं?'

मी बावीस वर्षं मिसळीचं हॉटेल चालवलं. त्याआधी पाच वर्षं एका परमिट रूमच्या किचनमध्ये काढली. आता गुडघे गेले, म्हणून दुसऱ्यांची किचन उभी करून देतो. त्यामुळे गल्ल्यावर बसून काय दिसतं आणि भट्टीपाशी उभं राहून काय दिसतं, हे दोन्ही ठाऊक आहे. तुमचं हॉटेल चुकलेलं नाही, वेळ चुकली. दुसऱ्या रविवारी तुम्ही किती वाजता गेला होता ते आठवा. पावणेबारा-बारा असणार, पैज लावतो.

मिसळीचा धंदा आदल्या दिवशी सुरू होतो. मटकी सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधायची, पहाटेपर्यंत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत तेही धड येत नाहीत, कारण निफाडकडून थंडी आली की मटकी नुसती फुगून बसते. आम्ही गाठोडं भट्टीच्या कडेला, पोत्याखाली ठेवायचो. पहाटे चारला कांदा-खोबऱ्याचं वाटण परतायला घ्यायचं. कांदा सोनेरी झाला म्हणून थांबलात तर ती काळी मिसळ नव्हे. तो करपायच्या एक पाऊल अलीकडे न्यावा लागतो. मग भाजलेलं खोबरं, आलं-लसूण, काळा मसाला, आणि तेल बाजूने सुटेपर्यंत कालथा थांबवायचा नाही. सातला रस्सा 'तयार' असतो, म्हणजे विकता येतो. पण सातच्या रश्श्यात मसाला वेगळा लागतो, पाणी वेगळं लागतं. तास-दीड तास मंद आचेवर खदखदला की ते एकजीव होतात आणि तर्री नीट वर येते. साडेआठ ते दहा, हा त्या पातेल्याचा सगळ्यात चांगला काळ.

दहानंतर काय होतं? रविवारची गर्दी येते, रस्सा पुन्हापुन्हा वाढायचा असतो, पातेलं अर्ध्यावर येतं. मग त्यात गरम पाणी, मीठ, तिखट, आणि वरून डब्यात काढून ठेवलेली तर्री. आम्ही याला 'भर घालणं' म्हणायचो. रंग तोच दिसतो, वाफ तीच येते, अंग मात्र गेलेलं असतं. ओळखायचं असेल तर चमचा रश्श्यात बुडवून उलटा करा. चांगल्या रश्श्याचा मसाला चमच्याच्या पाठीला धरून राहतो. भर घातलेल्यात वर तेलाची टिकली आणि खाली चहासारखं पाणी सुटून येतं.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला सांगत नाही, मीही केलंय. एका रविवारी साडेदहालाच मटकी संपत आली. बाहेर माणसं उभी, मला गल्ला दिसत होता, मी भर घातली. एक आजोबा दर रविवारी यायचे, खिडकीजवळचं टेबल त्यांचं. त्यांनी दोन घास खाल्ले, पाव तसाच ठेवला, पैसे दिले आणि जाताना एवढंच म्हणाले, 'आज विहिरीला पाणी बरंय.' पुढचे दोन महिने आले नाहीत. त्यानंतर मी मटकी संपली की पाटी उलटी करायला शिकलो. नाशिकमध्ये अजूनही काही जण हे करतात. दुपारी साडेबाराला गेलात आणि 'मिसळ संपली' ऐकलं तर चिडू नका. ते ठिकाण डोक्यात ठेवा, पुढच्या वेळी लवकर जा.

उलटही होतं. २०१५ च्या सिंहस्थात, २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला, लाखो लोक येणार म्हणून मी दुप्पट मटकी भिजवली. रस्ते बंद, माणसं लांबच अडवलेली, माझ्या गल्लीत चिटपाखरू नाही. दोन घमेली मोड आलेली मटकी दुपारी शेजारपाजारी वाटली. २०२७ च्या पर्वण्यांना तुमच्याकडे पाहुणे येणार असतील तर त्या दिवशी घाटाच्या बाजूला खाण्याचा बेत करूच नका, आपल्या भागातच जेवा.

वेळेबरोबर हंगामही बघा. लासलगाव शेजारी असून नाशिकच्या हॉटेलांचं नशीब कांद्यावर हलतं. उन्हाळ कांदा कोरडा असतो, लवकर भाजतो, वाटणाला गोडसर काळा रंग देतो. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा येतो, त्यात पाणी जास्त. तो आधी शिजतो, मग कुठे भाजायला लागतो. घाईचा आचारी तिथेच थांबतो आणि त्या महिन्यात तुम्हाला वाटतं, 'मसाला बदलला वाटतं यांनी.' मसाला तोच असतो. भाव चढले की आणखी एक गंमत बघायला मिळते: मिसळीवरच्या कांद्यात बारीक चिरलेला कोबी येऊन बसतो. कोबी दिसला की समजा, मालक बाजारभाव वाचतोय.

आता नावं. काळ्या रश्श्यासाठी पंचवटी कारंजावरची अंबिका, चुलीवरच्या मिसळीसाठी साधना, सातपूरला श्यामसुंदर, कॉलेज रोडला तुषार, मेन रोडच्या जुन्या बाजारात भगवंतराव. मळ्यात बसून खायची असेल तर ग्रेप एम्बसी, मामाचा मळा अशी ठिकाणं आहेत. तिथे ताटात पापड, दही, जिलेबी असा थाट असतो आणि मुलीला हुंदडायला जागा मिळते. या सगळ्यांत श्रेष्ठ कोण, हे मला विचारू नका. नाशिकमध्ये यावरून सख्ख्या भावांचं जमत नाही. माझं मत एवढंच की मळ्यातली मिसळ म्हणजे अर्धी मिसळ आणि अर्धी सहल. चवीसाठीच जायचं असेल तर गावातलं अरुंद बाकाचं हॉटेल, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. आणि हो, कोल्हापूरचे पाहुणे आले तर वाद घालू नका. त्यांच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, आपल्याकडे पाव. तेवढ्यावरच सकाळ जाते.

दुपारची गोष्ट सोपी आहे. थाळी साडेबारा ते दीडच्या मध्ये खा. पोळ्या-भाकऱ्या करणाऱ्या बायका त्या वेळात तव्यावर असतात. अडीचला जी पोळी येते ती डब्यातली असते, आणि डब्यातली पोळी वाफेने ओली होते हे सांगायला नको. खानदेशी जेवण नाशिकमध्ये घरच्यासारखं मिळतं, कारण धुळे-जळगावकडची निम्मी माणसं इथेच स्थायिक आहेत. शेवभाजी मागवली तर शेव वेगळी आणायला सांगा आणि स्वतः घाला. आधीच घातलेली शेव टेबलावर येईतो लापशी होते. भरीत मात्र थंडीतच खा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून मेन्यूकार्डावर बारा महिने 'जळगाव भरीत' छापलेलं असतं, पण मे महिन्यात तुमच्या ताटात येतं ते कुठलंही वांगं.

रात्रीच्या जेवणात सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. आपल्या 'व्हेज-नॉनव्हेज फॅमिली रेस्टॉरंट'चं मेन्यूकार्ड बारा पानी असतं, पण भट्टीपाशी पातेली असतात तीन. एक लाल, टोमॅटो-बटरची. एक पांढरी, काजू-मगज-उकडलेल्या कांद्याची. आणि एक तपकिरी, कांदा-टोमॅटो परतून केलेली, तिला चॉप मसाला म्हणतात. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, व्हेज मखनवाला हे लाल पातेल्याचे नातेवाईक. शाही पनीर, मलाई कोफ्ता, काजू करी पांढऱ्याचे. कढई, कोल्हापुरी, हंडी, दो प्याजा हे चॉप मसाल्याचे. कुठे सिमला मिरची मोठी चिरली, कुठे लाल तिखट वाढवलं. तिन्ही मिसळून आणखी पंधरा नावं होतात. यात फसवणूक काही नाही, एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने भागणारच नाही. पण चार माणसांनी चार भाज्या मागवल्या आणि चारही एकाच पातेल्यातल्या निघाल्या, तर 'सगळं सारखंच लागलं' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. एक लाल घ्या, एक चॉप मसाल्यातली, आणि तिसरी म्हणून दाल तडका. मेन्यू जितका लांब तितका डीप फ्रीझर मोठा, हेही लक्षात असू द्या. पंजाबी, चायनीज, पिझ्झा, सिझलर आणि मोमोज एकाच छपराखाली असतील तर पंजाबी सोडून बाकीच्याला हात लावू नका.

तंदूर संध्याकाळी सहाच्या सुमारास पेटवतात. भिंत नीट तापायला तास जातो. सातला गेलात तर रोटी फिकी आणि चिवट येते. पावणेआठ ते साडेआठला रोटी फुलते. रविवारी नऊला गेलात तर काउंटरवर केओटीची, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, माळ लागलेली असते, कॅप्टन 'बस पाच मिनिट सर' म्हणतो आणि पाऊण तास जातो. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर साडेसातला टेबल धरा, सूप मागवा, रोटी पावणेआठला सांगा. होळी आणि छठ या सुमारास तंदूरी जरा जपून मागवा. तंदूरवाला बहुधा उत्तराखंडचा किंवा बिहारचा असतो, तो गावी जातो, आणि त्याच्या जागी आदल्या महिन्यापर्यंत भांडी घासणारा पोऱ्या उभा असतो. पोऱ्या शिकतो, पण तुमच्या रोटीवर शिकतो.

मांसाहारासाठी वार बघा. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. या दिवशी मटण सकाळी येतं आणि रात्री संपतं. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मं गाव खात नाही, मग आदल्या दिवशीचा माल हलत नाही. मटण-भाकरी खायची तर बुधवारी दुपारी, गंगापूर रोडकडे आनंदवल्लीच्या बाजूला वाडा थाटाची हॉटेलं आहेत तिकडे, किंवा तुमच्या भागातलं एखादं साधं, ज्याच्या बाहेर जेवणाच्या वेळी रिक्षा उभ्या असतात. आखाडाच्या शेवटच्या रविवारी, गटारीच्या आसपास, कुठेही जाऊ नका. त्या दिवशी आचारी मोजून नाही, उपसून वाढतो. श्रावणात नॉनव्हेज हॉटेलं रिकामी असतात म्हणून 'निवांत जेवू' असं वाटतं, पण तो निवांतपणा फ्रीझरलाही लागू होतो. रमजानमध्ये मात्र भद्रकाली-चौक मंडईच्या बाजूला संध्याकाळनंतर एक फेरी मारा, वर्षात इतका ताजा खिमा-कबाब दुसऱ्या वेळी मिळत नाही.

संध्याकाळच्या तोंडात टाकायच्या गोष्टींत तुमची मुलगी खूश होईल असा सायंताराचा साबुदाणा वडा, आणि नाशिकचा पाववडा: पावात भाजी भरून अख्खा पाव पिठात बुडवून तळलेला. जड असतो, तिघांत दोन पुरे. गोडाला बुधा हलवाईची जिलेबी. गरमच खा, घरी नेऊन मायक्रोवेव्ह करू नका. पाहुण्यांबरोबर बांधून द्यायला कोंडाजीचा चिवडा आहेच.

कॅफेंबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरचे निम्मे कॅफे हे उत्तर तुम्ही वाचेपर्यंत बदललेले असतील. भाडं जबर, पोरं एका कोल्ड कॉफीवर तीन तास बसतात, टेबल फिरत नाही, दीड वर्षात मालक थकतो. तुम्हाला शांत बसायचं असेल तर सकाळी दहा ते बारा जा. तेव्हा दूध ताजं असतं, मशीन स्वच्छ असतं आणि मागवलेलं आठ मिनिटांत येतं. संध्याकाळी पाच ते आठ तो पोरांचा प्रांत आहे, आपण तिथे काकाच दिसतो. नव्या कॅफेत पहिल्यांदा साधी ब्लॅक कॉफी मागवा. दूध, साखर, चॉकलेट सिरपच्या आड जे लपतं ते तिच्यात लपत नाही.

आईवडिलांव्यतिरिक्त तुमचे मुंबईचे मित्र आले की ते वाइनयार्डचं नाव काढणारच. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २०१० साली नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता शनिवार-रविवार गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर मुंबई पासिंगच्या गाड्यांची रांग असते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून रांग वाढलीच आहे. तुम्ही स्थानिक आहात, त्याचा फायदा घ्या: मंगळवार-बुधवार, दुपारी चार. वेलींना द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी ते मार्च. जेवण तिथे केलंच पाहिजे असं नाही, उन्हं उतरेपर्यंत बसा आणि जेवायला गावात या. गाडी न पिणाऱ्याकडे द्या, परतीचा रस्ता अंधारा आहे.

बिलाचंही विचारलंय. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला अठरा. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून बारमध्ये दोन वेगळे हिशेब दिसतात. छोटे हॉटेलवाले बरेचदा कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर नाही आणि तरी कर लावलाय, तर नम्रपणे विचारा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. काढायला सांगितलं तर काढतात. पण तो काढलात आणि वेटरने म्हातारीसाठी खुर्ची बदलून दिली असेल, तर त्याच्या हातात वीस-पन्नास ठेवायला विसरू नका.

रेटिंगचं काय करायचं? पाच तारे आणि एक तारा, दोन्ही सोडून द्या. पाचवाले बहुतेक वेळा 'फोटो टाका, कोल्ड्रिंक फ्री' मधले असतात आणि एकवाले पार्किंगवरून भांडलेले. तीन तारेवाला माणूस शांत डोक्याने लिहितो: 'चव चांगली, पण एकला गेलो तेव्हा भाकरी गार होती.' त्या वाक्यात तुम्हाला हवी ती गोष्ट आहे, एक वाजला होता. अशी दहा वाक्यं वाचली की त्या हॉटेलचं वेळापत्रक तयार होतं. पार्सलच्या तक्रारी वेगळ्या काढा. मिसळ वीस मिनिटं डब्यात राहिली की तिचा निकाल स्वयंपाक्याच्या हातात नसतो.

नव्या ठिकाणी बसल्यावर सगळ्यात आधी टेबलावर येते ती कांदा-लिंबाची ताटली, तिच्याकडे बघा. लिंबाची कड सुकून पिवळी तपकिरी झाली असेल, कांद्याचे काठ पापुद्र्यासारखे वळले असतील, तर ते सकाळी चिरलेलं आहे. ज्याला ताजं लिंबू कापायला वेळ नाही, त्याने ग्रेव्ही आज केली असेल असं मला वाटत नाही. उठून जायची गरज नाही, फक्त ऑर्डर छोटी करा.

आता येत्या रविवारचं. आईवडील येतायत म्हणालात. सव्वाआठला घरून निघा, मळ्यात नको, गावात जा. गाडी लांब लावून थोडं चालायची तयारी ठेवा. तिघांना मिसळ, मुलीला दही आणि पाव, वर एक जिलेबी. वडिलांना पित्ताचा त्रास आहे म्हणता, तर वेटरला बसतानाच सांगा, 'दादा, एक फिकी द्या आणि तर्री वेगळ्या वाटीत.' देतात, रोजचं मागणं आहे ते. वाटी त्यांच्यासमोर ठेवा. तुमचं लक्ष मुलीकडे गेलं की ते ती ओतून घेतीलच, माझेही घ्यायचे.